सावडीनं शिकवलेलं सी

११ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ७.१०

ही वही खाजगी आहे. शितलनं, म्हणजे बायकोनं, वाचू नये. (वाचणार.)

शनिवारी प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. संस्था यंदा कॉम्प्युटर सायन्सला एक पूर्णवेळ जागा भरणार आहे. डिसेंबरात समिती बसेल. ती दोन गोष्टी बघणार: फर्स्ट इयरच्या प्रॅक्टिकलचा निकाल आणि उमेदवाराचं प्रात्यक्षिक. निकाल ऐंशी टक्क्यांच्या वर हवा. गेल्या वर्षी शेहेचाळीस होता.

मी अकरा वर्षं तासिका तत्त्वावर आहे. दर जूनमध्ये नव्यानं अर्ज करतो आणि प्राचार्य दर जूनमध्ये माझं शिक्षण विचारतात. आता बास. उमेदवार दोनच, मी आणि सविता मॅडम. मॅडम चार वर्षांपूर्वी आल्या. चांगल्या आहेत. लॅबचे सगळे प्रोग्राम त्याच तयार करतात, मी मार्गदर्शन करतो. म्हणजे जागा कुणाची हे उघड आहे.

निकाल कमी का लागतो हेही मला ठाऊक आहे. पोरं यंत्रापुढं एकेकटी बसतात आणि घाबरतात. उपाय: पेअर प्रोग्रामिंग. एका यंत्रावर दोघं. टाइप करतो तो ड्रायव्हर. शेजारी बसून विचार करतो, चुका दाखवतो तो नेव्हिगेटर. थोड्या थोड्या वेळानं अदलाबदल. परदेशात सिद्ध झालंय. एका व्हिडिओत पाहिलं. निम्माच पाहिला, पण मुद्दा कळला.

संकल्प: समितीच्या तयारीसाठी रोज स्वतःच्या हातानं एक प्रोग्राम टाइप करायचा. उद्यापासून.

१२ ऑगस्ट, मंगळवार

लाइट नव्हती. दुपारी आली, पण तोवर मूड गेला होता.

१४ ऑगस्ट, गुरुवार. संध्याकाळी

पहिलं प्रॅक्टिकल. पोरं एक्केचाळीस. यंत्रं चोवीस, चालू एकवीस. जोड्यांना अगदी पुरतात. दैव माझ्या बाजूनं आहे.

ड्रायव्हर आणि नेव्हिगेटर समजावले. फळ्यावर आकृती काढली. कुणाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. शेवटी न्हावऱ्याचा विश्वजीत उठला. (वडील बाळासो, गावच्या सोसायटीचे चेअरमन. पोराच्या शर्टासारखी इस्त्री माझ्या लग्नातल्या शर्टालाही नव्हती.) त्यानं विचारलं, सर, नेव्हिगेटर म्हंजी क्लिनर का? मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, मग गाडी मागं घेताना आवाज कोण देणार? वर्गात हशा फुटला. मी मुळात शांत माणूस आहे. डस्टर आपटलं, त्याची लाकडी पट्टी निघाली.

आणि त्या खडूच्या धुरळ्यात मला सुचलं. सावड! म्हणालो, अरे, आपल्याकडं एकेक बैल असलेले दोन शेतकरी काय करतात? जोडी लावतात. आज तुझं रान, उद्या माझं. तसंच हे. सगळ्या माना डोलायला लागल्या, मागच्या बाकावरच्यासुद्धा. मोनाली म्हणाली, असं हाय व्हय सर, मग सोप्पं हाय की. (मोनालीही न्हावऱ्याचीच. आजोबा कोंडिबा, घरचा झेंडू आणि भाजीपाला. डोकं तल्लख.) अकरा वर्षांत माझ्या वर्गात ‘सोप्पं हाय’ हे शब्द प्रथमच ऐकले.

घरी शितलला सांगितलं. ती म्हणाली, पण सावड फेडावी लागते, पोरं ती कशानं फेडणार? मी म्हणालो, तो तपशील आहे.

१८ ऑगस्ट, सोमवार

जोड्या पोरांनाच लावू दिल्या. लोकशाही. व्हरांड्यात अर्धा तास बैठक चालली. कुणाचं रान किती, विहिरीला पाणी कसं, औंदा काय लावलंय, अशी चौकशी कानावर येत होती. छान. एकमेकांची ओळख वाढतेय. विश्वजीत आणि मोनाली ही पहिली जोडी ठरली. दोघांच्या घरचं सोसायटीच्या निवडणुकीपासून बोलणं नाही म्हणे. माझ्या पद्धतीनं गावं जोडली जातायत.

एक्केचाळिसावी उरली. करिश्मा. कोरेगाव भीमाहून येते, वडील तिकडं कारखान्यात शिफ्टला. एकटी खिडकीशी उभी होती. विचारलं, तुला कुणी घेतलं नाही? ती म्हणाली, आमाला रान न्हाई सर, आमच्यासंगं सावड कोण करणार. रानाचा आणि सी लँग्वेजचा काय संबंध ते कळलं नाही, पण वाईट वाटलं. खरंच वाटलं. म्हणालो, तुझा जोडीदार मी.

असा निर्णय घ्यायला मोठं मन लागतं. तिला सांगून टाकलं, तू ड्रायव्हर, मी नेव्हिगेटर. माझा पिंडच नेव्हिगेटरचा आहे.

आजचा प्रोग्राम टाइप करायचा राहिला. निर्णयांनी थकवा येतो.

२१ ऑगस्ट, गुरुवार

करिश्माबरोबर पहिला प्रोग्राम. एक ते दहाची बेरीज. मी सांगत गेलो, ती टाइप करत गेली. चालवला. आकडे धावायला लागले ते थांबेचनात. मी शांतपणे म्हणालो, याला अनंत लूप म्हणतात, नीट बघून घे. ती दोन मिनिटं बघत राहिली. मग म्हणाली, बघितला सर, आता कसा थांबवायचा?

तेवढ्यात सविता मॅडम आल्या, यंत्र थांबवलं, आणि म्हणाल्या, लूपमधला आय दर फेरीला एकानं वाढवायचा राहिलाय. मी म्हणालो, मुद्दाम ठेवला होता. मॅडम ‘हो का’ म्हणाल्या. त्यांच्या ‘हो का’मध्ये फार काही असतं. करिश्मानं वहीत लिहून घेतलं: आय वाढवायचा.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी. शोधनिबंध लिहायला घेतला. ‘ग्रामीण महाराष्ट्रातील संगणक शिक्षणाचे सावड प्रारूप: एक मूलगामी अध्ययन’. शीर्षक पूर्ण झालं. ‘मूलगामी’ ठेवावं की ‘क्रांतिकारी’, यावर दुपार गेली. समितीला हे वाचून दाखवलं की प्रात्यक्षिक मागणारही नाहीत.

२ सप्टेंबर, मंगळवार

घरी पद्धत वापरून पाहिली. शितलला म्हणालो, भाजी चिरायला तू ड्रायव्हर, मी नेव्हिगेटर. दुधी कसा तिरका धरावा ते सांगितलं. तिनं सुरी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, अदलाबदल असते ना? अंगठा कापला. डावा.

४ सप्टेंबर, गुरुवार

करिश्मा म्हणाली, सर, आता तुमची पाळी, तुमी टाइप करा, मी सांगते. मी अंगठ्याची पट्टी दाखवली. ती म्हणाली, उजवा हात हाय की. या मुलीला बारकावे फार दिसतात. म्हणालो, आधी तुझा पाया पक्का होऊ दे.

८ सप्टेंबर, सोमवार

विजय! सगळ्या वीस जोड्यांनी पाच-पाच प्रोग्राम चार दिवस आधी दिले. सगळे बरोबर. असं या महाविद्यालयाच्या इतिहासात झालेलं नाही.

हजेरी तेवढी एक्केचाळीसपैकी तेवीस. बाकीचे घरी बसून विचार करत असणार. नेव्हिगेटरला यंत्र लागतंच असं नाही. सविता मॅडम म्हणाल्या, सर, दर वेळी तीच तीच पोरं कीबोर्डवर दिसतात. मी ऐकून घेतलं. माणूस उमेदवार झाला की त्याला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

प्राचार्यांना भेटून सांगून आलो, ऐंशी काय, नव्वद धरा.

१५ सप्टेंबर, सोमवार

करिश्मा परत: सर, तुमची पाळी. चष्मा घरी राहिला म्हणालो. चष्मा खिशात होता, तो नेमका पेन काढताना बाहेर आला. म्हणालो, हा लांबचा.

मी तिला अट लिहायला सांगितली. ती थांबली. म्हणाली, सर, एकदाच बरोबरचं चिन्ह टाकलं तर ते आकडा भरतंय, तपासत न्हाई, दोनदा टाकावं लागंल. मी म्हणालो, तेच सांगणार होतो. ती म्हणाली, व्हय सर.

प्रोग्राम टाइप करण्याचा संकल्प रोजऐवजी आठवड्यातून एकदा असा सुधारला. व्यवहार्य असावं माणसानं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

हजेरी वीस अधिक करिश्मा. दर जोडीतला एकच हजर. उरलेल्या वीस जणांच्या नावानं खडे फोडले. हजर असलेल्यांवरच ओरडलो, कारण गैरहजर ऐकायला नव्हते. मोनालीला विचारलं, विश्वजीत कुठाय? म्हणाली, दसरा तोंडावर आलाय सर. जणू त्यात सगळं आलं.

२९ सप्टेंबर, सोमवार. दुपारी

जमेल तसं लिहितो.

सकाळी अकराला लॅबच्या दारात एक म्हातारे गृहस्थ. धोतर, टोपी, हातात झेंडूची पाटी. मोनालीचे आजोबा कोंडिबा. मला म्हणाले, मास्तर, तुमचं शिक्षाण एक नंबर हाय. मी म्हणालो, आबा, बसा. ते म्हणाले, बसत न्हाई, तोडणी चालू हाय, तुमी धाडलेलं पोरगं लई कामाचं निघालं, सा दिस वाकून फुलं तोडतंय, आन् बापाच्या रानात कवा पाय ठिवला नव्हता त्यानं. विचारत होते, बेस्तरवारी दसरा हाय, तवर त्याला सोडाल का, आन् अजून एखादं असंल तर तेबी द्या.

मी तसाच वर्गात गेलो. हे काय चाललंय? मोनाली उठली. अजिबात न घाबरता म्हणाली, सर, सावड. मी त्याचे प्रोग्राम करते, तो आमच्या रानात येतो. एका प्रोग्रामला एक दिवस तोडणी.

मग सगळेच सांगायला लागले, जणू बक्षीस मिळणार होतं. यवतचा सार्थक जोडीदाराच्या म्हशी धुतो. पाबळचा दत्ता जोडीदारणीला रोज मोटारसायकलवरून आणतो आणि सोडतो, त्या बदल्यात ती त्याचे लूप लावते. एक जण कांद्याच्या रोपांना पाणी धरायला जातो. एकीनं मैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नात सगळ्या वऱ्हाडाला मेंदी काढायचं कबूल केलंय, ॲरे आणि फंक्शनच्या बदल्यात. वीसच्या वीस जोड्या. एकही सावड बुडालेली नाही.

मी ओरडलो, असं कुणी सांगितलं तुम्हाला? मोनाली म्हणाली, तुमीच की सर. आज तुझं रान, उद्या माझं.

उद्धटपणा. दुसरं काय.

फुलांची पाटी टेबलावर आहे. परत पाठवणं बरं दिसलं नसतं.

६ ऑक्टोबर, सोमवार

बाळासो आले. प्राचार्यांच्या केबिनमध्ये. मला बोलावलं, उभं केलं, खुर्ची दिली नाही. बाळासो म्हणाले, आमच्या घराण्यात आजवर कुणी दुसऱ्याच्या रानात सावडीला गेल्यालं न्हाई, लोकं आमच्याकडं येत्यात. आन् ह्यो गेला तो कुणाच्यात, तर कोंडिबाच्यात! निवडणुकीला ज्यांनी आमच्या नावानं गावभर शिमगा केला त्यांच्यात! दसऱ्याला पोरगं सोनं द्यायला त्यांच्या घरी पहिलं गेलं, आन् आमाला मागनं.

मी शैक्षणिक भूमिका मांडू लागलो. बाळासो म्हणाले, त्ये ऱ्हाऊ द्या, पोराला कॉम्प्युटर येतो का तेवढं सांगा. मी म्हणालो, त्याचे सगळे प्रोग्राम बरोबर आहेत. हे खोटं नाही. बाळासोंना समाधान वाटलं. प्राचार्यांना वाटलं नाही. बाळासो गेल्यावर म्हणाले, परीक्षेत प्रत्येकानं एकट्यानं बसायचं असतं, माहीत आहे ना सर? अकरा वर्षं इथं आहे आणि मला विचारतात.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सुधारणा. हजेरी सक्तीची, आणि दर पंधरा मिनिटांनी शिट्टी. शिट्टी वाजली की ड्रायव्हरनं उठायचं, नेव्हिगेटरनं कीबोर्डवर बसायचं. शिट्टी जिमखान्याच्या संपत सरांकडून उसनी आणली.

पहिल्या शिट्टीला चाळीस पोरं एकदम उठली. दोन खुर्च्या पडल्या, एक माऊस शहीद. दुसऱ्या शिट्टीला मैदानावरचा कबड्डीचा संघ सामना थांबवून लॅबच्या दारात आला. संपत सर त्यांच्यामागून आले आणि माझ्या हातातून शिट्टी घेऊन गेले. पोरांसमोर.

तिसऱ्या पाळीला हातानं टाळी वाजवली. कुणाला ऐकू गेली नाही.

या सगळ्या गोंधळात करिश्मा माझ्या शेजारी टाइप करत होती. दोन्ही पाळ्यांना मी उभाच होतो, शिट्टी माझ्याकडं असल्यामुळं मला बसता आलं नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आता पोरं न सांगता जागा बदलतात. पण कशी? मोनाली शेजारी बसून सांगते, एफ, ओ, आर, कंस, आय, बरोबर, शून्य. विश्वजीत एकेक बोट दाबतो. बारा ओळींत त्याला एका शब्दाचा अर्थ कळलेला नाही. लॅबभर हेच. वीस जण बोलतात, वीस जण बोटं दाबतात. संताप आला. म्हणालो, अरे, दुसऱ्यानं सांगितलेलं नुसतं पुढं ढकलणं म्हणजे शिकणं नव्हे!

सविता मॅडम दारात होत्या. एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा टाइप करणाऱ्या करिश्माकडं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळीची सुट्टी. रोज दोन प्रोग्राम करून मागची तूट भरून काढायची असं ठरवलं होतं. आज अंगणातल्या खुर्चीवर लॅपटॉप घेऊन बसलो. फराळाचे हात, बटणं तेलकट झाली असती. ठेवून दिला.

निबंधात ‘मूलगामी’च ठेवलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

करिश्मा म्हणाली, सर, आज तुमी बसाच. खुर्चीवरून उठून उभीच राहिली. माझा नाइलाज झाला. फोन कानाला लावून बाहेर गेलो. (फोन आला नव्हता.) व्हरांड्यात दहा मिनिटं ‘हो सर, नक्की सर’ करत फिरलो. परत आलो तर तिनं दहा आकड्यांतला सर्वांत मोठा शोधायचा प्रोग्राम एकटीनं पुरा केला होता. चालतही होता.

म्हणालो, बघ, नेव्हिगेटर दूर झाला की ड्रायव्हर स्वावलंबी होतो, हाही या पद्धतीचा भाग आहे. ती म्हणाली, व्हय सर, तुमी नसला की पटकन हुतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सविता मॅडम कँटीनमध्ये समोर येऊन बसल्या. म्हणाल्या, सर, समितीच्या आधी आपण दोघं दोन-तीन दिवस यंत्रावर बसू या का? तुमचा हात बसेल. आवाज हळू होता, आजूबाजूला कुणी ऐकू नये असा.

मी हसून नको म्हणालो. हात बसायला माझा हात उठलाय कुठं? स्पर्धकाची चाल मला कळते. चहा अर्धा टाकून उठलो. बाहेर आल्यावर वाटलं, संपवायला हवा होता.

२ डिसेंबर, मंगळवार

प्रॅक्टिकल परीक्षा. बाहेरचे परीक्षक पुण्याहून. चिठ्ठी उचलायची, एकट्यानं बसायचं.

मोनालीचा पंचवीस मिनिटांत झाला. करिश्माचा वीस. विश्वजीतनं इनक्लूडची ठरलेली पहिली ओळ टाइप केली, खाली स्वतःचं नाव टाइप केलं, आणि थांबला. तासाभरानं परीक्षकांनी विचारलं, पुढं काय? विश्वजीत म्हणाला, सर, मी माझी सावड पुरी फेडलीय, मोनालीला इचारा. परीक्षकांनी मला विचारलं, सावड म्हणजे काय? मी म्हणालो, ग्रामीण बोलीतला शब्द आहे.

तरी निकाल बरा लागेल. परीक्षक चेहऱ्यावरून सहृदय वाटले.

९ डिसेंबर, मंगळवार. संध्याकाळी ५

समिती. प्राचार्य, पुण्याच्या एक तज्ज्ञ बाई आणि संस्थेचे उपाध्यक्ष आनंदराव. आनंदराव डाळिंबाचे बागायतदार, कॉम्प्युटरला कधी हात लावला नसावा. त्यांची काळजी नव्हती.

मी सावड प्रारूपावर अठरा मिनिटं बोललो. चांगलं बोललो. मग आनंदराव म्हणाले, सर, बोलणं ब्येस हाय. आता त्याला धा आकडे द्या, आन् त्यातला मोठा कंचा त्ये काढून दावा.

मी सवयीनं शेजारी बघितलं. शेजारी कुणी नव्हतं. म्हणालो, ही पद्धत जोडीची आहे, एखादा विद्यार्थी बोलावतो. तज्ज्ञ बाई म्हणाल्या, एकट्यानंच करा.

बसलो. पहिल्या ओळीचं हॅशचं चिन्ह शोधण्यातच वेळ गेला. तिथला कीबोर्ड वेगळ्या कंपनीचा होता. महिरपी कंस उघडला तो कुठं मिटवावा ते सुचेना, कारण एसी नको तितका गार होता. कंपाइल केलं. चौदा चुका. एक दुरुस्त केली. एकोणीस. तज्ज्ञ बाई वहीत बघायला लागल्या. प्राचार्य खिडकीतून बाहेर बघायला लागले. आनंदराव तेवढे माझ्याकडं बघत होते. अजिबात चिडून नाही, खरोखर माहीत नसल्यासारखं त्यांनी विचारलं, सर, तुमी शिकिवता तवा टाइप कोण करतं?

याचा उद्या लेखी खुलासा देणार.

माझ्यानंतर सविता मॅडम. सहा मिनिटांत बाहेर आल्या. त्यांना सोपा आला असणार. (तोच आला होता.)

अजून निकाल आहे. निकाल ऐंशीच्या वर गेला तर प्रात्यक्षिकाला कोण विचारतो?

१९ डिसेंबर, शुक्रवार

निकाल. एक्केचाळीसपैकी एकवीस. एक्कावन्न टक्के.

प्राचार्यांना म्हणालो, गेल्या वर्षीपेक्षा पाच टक्के जास्त आहे. ते म्हणाले, पाहिलं मी. मग जूनच्या अर्जाबद्दल बोलले.

जागा सविता मॅडमना मिळाली. लॅबमध्ये येऊन पेढा दिला. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, सर, बसायचं म्हटलं होतं ते अजून बसू या, केव्हाही. पेढा चांगला होता. मी बरं म्हणालो.

त्या गेल्यावर निकालाचा कागद आणि जोड्यांचं रजिस्टर शेजारी ठेवलं आणि खुणा करत गेलो. मोनाली पास, विश्वजीत नापास. सार्थक नापास, त्याचा जोडीदार पास. दत्ता नापास, जिला रोज गाडीवर आणायचा ती पास. कांद्याला पाणी धरणारा नापास. मेंदीवाली नापास. वीस जोड्या, आणि प्रत्येक जोडीतला एकच पास. ज्यानं स्वतः विचार करून टाइप केलं तो.

मधेच करिश्मा आली. वर्गात पहिली आली आहे. पाया पडायला वाकली, मी अडवलं. म्हणाली, तुमच्यामुळं झालं सर. मला बरं वाटलं, अकरा वर्षांत पहिल्यांदा इतकं बरं वाटलं. विचारलं, माझ्यामुळं कसं? ती म्हणाली, तुमी चुकीचं सांगायचा, मग बरोबर काय हाय ते मलाच शोधावं लागायचं. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला कोरेगावची एसटी गाठायची होती, ती गेली.

रजिस्टरची एकविसावी ओळ राहिली होती. करिश्मा, पास. शेजारी जोडीदाराच्या रकान्यात माझं नाव, माझ्याच अक्षरात.

आमच्याही जोडीतून एकच पास.